एकदाच विचारणारा माणूस

पहिल्या दिवशी माझं पोट बिघडलं होतं म्हणून मी कोरा चहा मागितला, आणि ती नोकरी सोडेपर्यंत मला तिथं कोराच चहा मिळाला. "सर, मला दूध चालतं हो," असं मी कितीदा तरी सांगून पाहिलं. सर, म्हणजे आमचे वरिष्ठ, मान डोलवायचे, गोड हसायचे आणि दुपारी माझ्या टेबलावर पुन्हा काळा कप आणून ठेवायचे. त्यांनी मला एकदा विचारलं होतं आणि मी एकदा सांगितलं होतं. त्यांच्या लेखी तो विषय मिटला होता.

माझं नावसुद्धा त्यांनी कधी विचारलं नाही. मी रुजू झाले त्या सकाळी "कुठल्या तुम्ही?" एवढंच विचारलं. मी "परभणी" म्हटलं आणि तेव्हापासून परभणी झाले. "परभणी, खिडकी लावून घ्या, धुकं आत येतंय." "परभणी, ही एरर तुमच्या पायगुणाची." मी मूळची फटकळ. दुसऱ्या कुणी अशी हाक मारली असती तर चार शब्द ऐकवले असते. यांना ऐकवून उपयोग नव्हता, कारण यांना ऐकू यायचं ते फक्त पहिल्यांदा.

दोन हजार चार-पाचच्या सुमाराची गोष्ट. माझ्या मैत्रिणी हिंजवडीच्या काचेच्या इमारतींत गळ्यात ओळखपत्र अडकवून जायच्या, आणि मी बावधनहून स्कूटीवर भलत्याच दिशेला, पिरंगुटचा घाट उतरून कासार आंबोलीला. आमची कंपनी एका वीकएण्ड बंगल्यात होती. मालक तरुण, कोथरूडला राहणारे, अधूनमधून फिरकणारे. पुढच्या हॉलमध्ये आम्ही मोजकी माणसं, मधल्या जेवणाच्या खोलीत कॉम्प्युटरची यंत्रं, आणि मागच्या दोन खोल्यांत सर व त्यांची बायको. सर पूर्वी एका मोठ्या कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात होते म्हणे. पन्नाशी उलटलेली, केस मानेवर आलेले. त्या केसांचीही एक गोष्ट होती. पिरंगुटला बरा न्हावी कुठे, हे त्यांनी फार पूर्वी एकदा विचारून घेतलं होतं. पुढे तो न्हावी दुकान विकून गेला आणि तिथं मोबाइलचं रिचार्ज मिळायला लागलं. सर तरीही महिन्याच्या महिन्याला तिथंच जायचे, बाकड्यावर बसायचे, पेपर वाचायचे आणि आहेत तेच केस घेऊन परत यायचे. आम्ही पोट धरून हसायचो.

आमचं काम पोर्टिंगचं. म्हणजे एका जातीच्या यंत्रावर चालणारा प्रोग्रॅम दुसऱ्या जातीच्या यंत्रावर चालता करायचा. ते भाड्याचं घर बदलण्यासारखं असतं. सामान तेच, पण नव्या घरात खिळे भलत्याच ठिकाणी ठोकलेले असतात. म्हणून प्रोग्रॅम नव्याने बांधण्याआधी एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे सूचनांची यादी, यंत्राची चौकशी करते. हे तुझ्याकडे आहे का? ते आहे का? आकडे तू कुठल्या टोकाकडून वाचतोस? पडद्यावर भराभर ओळी सरकतात आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी हो किंवा नाही उमटतं. पुढची सगळी बांधणी त्या उत्तरांवर चालते.

सर ती उत्तरं मोठ्याने म्हणायचे. पहिल्यांदा मी ते ऐकलं तेव्हा मधल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आतून त्यांचा आवाज येत होता, "हो. हो. नाही. हो. नाही. नाही." मध्येच थांबून, विचार करून दिल्यासारखी उत्तरं. प्रश्न विचारणारं मात्र कुणी ऐकू येत नव्हतं. मी दारातून डोकावले. सर पडद्याकडे पाठ करून, खिडकीतून डोंगराकडे बघत उभे होते. मागे ओळी सरकत होत्या, आणि एकही ओळ न बघता ते बरोबर तेच म्हणत होते. मी पाय न वाजवता जागेवर येऊन बसले.

ही उत्तरं एका फाइलीत साठवता येतात. तसं केलं की पुढच्या वेळी यंत्राला काही विचारावं लागत नाही, जुनीच उत्तरं वापरली जातात आणि वेळ वाचतो. शहाणी माणसं ती फाइल त्या यंत्रापुरती ठेवतात आणि यंत्र बदललं की फेकून देतात. सर ती जपायचे. "एकच गोष्ट दोनदा विचारू नये, परभणी," ते म्हणायचे. "अविश्वास दाखवल्यासारखं होतं."

त्यांच्या बायकोला आम्ही काकू म्हणायचो. काकूंना बोलता येत नव्हतं. गळ्याचं मोठं ऑपरेशन होऊन स्वरयंत्रच काढून टाकलेलं. श्वास गळ्याच्या खालच्या बाजूला पाडलेल्या छिद्रातून चालायचा आणि त्यावर त्या विणलेला पांढरा रुमाल बांधायच्या. त्या मागून आल्या की पावलांच्या आधी तो श्वास ऐकू यायचा, एक बारीक फूस. सुरुवातीला मी दचकायचे. मग डबा घेऊन स्वयंपाकघरात त्यांच्याजवळ जेवायला बसू लागले. त्या ओठ हलवून बोलायच्या, मी ओठांकडे बघून ओळखायचे, चुकले की हातावर चापट बसायची. हळूहळू आमच्या बिनआवाजी गप्पा चांगल्याच रंगायला लागल्या. काकू भारी मिश्कील. सर केस न कापता परत आले की मान मागे टाकून त्यांची अशी नक्कल करायच्या की मला ठसका लागायचा.

सर त्यांच्याशी बोलायचे, पण पडद्याकडे बघत. विचारायचे मात्र काही नाहीत. लग्नानंतर कधीतरी काकूंनी कारली आवडतात असं सांगितलं होतं, म्हणून दर आठवड्याला पौडहून कारली यायची. ऑपरेशनपासून काकूंना कडू जिभेवर ठेववत नव्हतं. त्या ती कारली कामाला येणाऱ्या हौसाबाईंच्या पिशवीत घालायच्या आणि सरांना वाटायचं, आपली बायको मनापासून खाते.

हौसाबाई वरच्या वाडीवरून यायच्या. सगळं घर झाडायच्या, पण मधल्या खोलीच्या उंबऱ्याशी झाडू थांबायचा. एकदा मी कारण विचारलं.

"तिकडं मी न्हाई जायची, ताई. त्या डब्यात बाईंचा आवाज हाय."

"कुणाच्या?"

"ह्या आपल्या बाईंचा. डागदरनं हितनं काढला," त्यांनी आपल्या गळ्यावर बोट ठेवलं, "आन् सायबानं न्हेऊन त्यात कोंडला. आमच्या वाडीवरनं दुधाचा फोन लावला तर बाईच बोलत्यात की. आन् हितं बगावं तर बाई माझ्याम्होरं भाकरी थापतायत. माणूस दोन जागी कसं आसंल, तुमीच सांगा."

मी हसायला लागले आणि काकूंकडे पाहिलं. त्यांनी भाकरी उलटली. मग ओठांनी एवढंच म्हणाल्या, "खरंय."

दुधाचा फोन म्हणजे आमचंच एक काम. मुळशीतल्या गावागावांतून दूध गोळा करणारी एक छोटी डेअरी होती. गावातल्या पीसीओवरून फोन लावायचा, गावाचा आकडा दाबायचा, की पलीकडून बाईचा आवाज सांगायचा, गाडी कधी येईल, रस्ता चालू आहे की बंद, कालच्या दुधाला फॅट किती लागली. गावांची नावं, आकडे, वेळा, पाऊस, उद्या असे सुटे शब्द एकदाच रेकॉर्ड केलेले, आणि प्रोग्रॅम ते जुळवून वाक्य करायचा. आवाज शाळेतल्या बाई हजेरी घेतात तसा, ठाम आणि जरासा हसरा. मी तो रोज ऐकत होते आणि तो आवाज कुणाचा असेल हा प्रश्न मला पडलाच नव्हता. मग समजलं की डेअरीचं हे काम सरांनी कारखान्यात असतानाच घेतलं होतं, आणि ऑपरेशनच्या आधी काही महिने, तिथल्या एका खोलीत खिडक्यांना गोधड्या लावून त्यांनी तो काकूंकडून रेकॉर्ड करून घेतला होता.

"तुम्हाला ऐकावासा नाही वाटत?" मी काकूंना विचारलं.

"दवाखान्यातून आल्यावर त्यांनी एकदा विचारलं होतं," काकूंचे ओठ म्हणाले. "मी नको म्हटलं. पुन्हा विचारलं नाही."

हा आवाज ज्या जुन्या युनिक्सच्या यंत्रावर चालायचा ते मधल्या खोलीत एका पंच्याखाली घरघरत असायचं. त्या वर्षी त्याच्या पोटातून टकटक यायला लागली. ते आज बंद पडतं की उद्या, अशी अवस्था. मालक येऊन स्पष्ट सांगून गेले. दिवाळीच्या आत हे सगळं नव्या लिनक्सच्या यंत्रावर चाललं पाहिजे. नाही जमलं तर जुनं मोडीत काढू, नवा प्रोग्रॅम लिहू आणि शब्दही नव्या आवाजात घेऊ.

"आवाज काय, मॅडमचाच घेऊ," माझ्याकडे बघत ते हसले. "एका दुपारचं काम."

सर हसले नाहीत. त्यांचा चेहरा असा उतरला की जणू मीच काही वाईट बोलले. मालक गेल्यावर ते पंच्यावरून हात फिरवत बराच वेळ उभे होते. काकूंचा आवाज जगात तेवढ्या एका ठिकाणी उरला होता, आणि तो तिथून हलवता आला नाही तर माझा आवाज त्या जागी जाऊन बसणार होता. मला त्याची लाजच वाटली.

नव्या यंत्रावर पहिल्यांदा बांधणी झाली तेव्हा मी शेजारी उभी होते. सरांनी कोळवण गावाचा आकडा दाबला. स्पीकरमधून खरखर आली, पत्र्यावर वाळू ओतल्यासारखी. आणि त्या खरखरीच्या मागे, खूप आत, कुणीतरी बाई बोलत होती. शब्द कळत नव्हते, पण बोलण्याची लय कळत होती.

"आत आहे ती," सर म्हणाले. "बाहेर काढू."

त्या खरखरीचं कारण साधं होतं. सरांनी जुन्या यंत्राची उत्तरं नव्या यंत्रावर तशीच नेली होती. जुनं यंत्र आकडे एका टोकाकडून वाचायचं, नवं दुसऱ्या टोकाकडून. पण नव्याला कुणी विचारलंच नव्हतं.

"सर, ती फाइल काढा आणि स्क्रिप्टला सगळं पुन्हा विचारू द्या," मी म्हटलं.

"विचारलंय, परभणी."

"ते जुन्याला विचारलं होतं हो!"

"मग? उत्तरं मिळाली ना?"

मी हात टेकले. त्यांनी फाइल काढली नाही. त्याऐवजी आवाज वाजवणाऱ्या भागात हाताने ठिगळ लावलं, आणि खरं सांगायचं तर ते ठिगळ सुंदर होतं. खरखर गेली. काकूंचा आवाज स्वच्छ, जवळून, खोलीत उभ्या असल्यासारखा आला. फक्त तो भलतंच बोलत होता. कोळवण विचारलं तर "पाऊस. अकरा. माले." घोटावडे विचारलं तर "उद्या. उद्या. बंद." कुठला शब्द कुठं ठेवलाय हे सांगणारे आकडे अजून उलटेच वाचले जात होते. आकडा हद्दीबाहेर गेला तर प्रोग्रॅम कोसळू नये म्हणून सरांनी तो फिरवून आत आणायची सोय केली होती. त्यामुळे प्रोग्रॅम कोसळायचा नाही, कुठून तरी काहीतरी उचलून बोलायचा.

एवढं दुरुस्त केलं की काम संपलं असतं. पण सर तिथंच थांबले.

ते हेडफोन लावून बसायला लागले. दिवसभर. एक आकडा दाबायचे, ऐकायचे, मान डोलवायचे. मग दुसरा आकडा. कधी हसायचे. कधी हळूच म्हणायचे, "हो ना." किंवा, "अगं, पण तेव्हा कुठं वेळ होता?" ते हो-नाहीचं मोठ्याने म्हणणं बंद झालं होतं. आता ते विचारत होते आणि उत्तरं ऐकत होते. केलेला प्रश्न अर्थातच पुन्हा करत नव्हते, दर वेळी नवा आकडा. मालकांचा फोन आला की "होतंय" म्हणायचे. काकू दारातून बघून जायच्या. ती बारीक फूस दाराशी यायची, थांबायची आणि परत जायची. सरांच्या कानांवर हेडफोन, त्यांना ती ऐकू जायची नाही.

"सर, काय म्हणतो प्रोग्रॅम?" एकदा मी धीर करून विचारलं.

त्यांनी एका कानावरचा हेडफोन जरा सरकवला. "बोलते," ते म्हणाले. "दुधाचं नाही. आमचं."

मी भुताखेतांना भिणारी नाही, पण एखादा शहाणा माणूस डोळ्यांदेखत बिनसायला लागला की भीती वाटते, आणि मला ती वाटत होती.

दिवाळी तोंडावर आली आणि एका सकाळी जुनं यंत्र बंद पडलं. टकटक नाही, घरघर नाही. सर जुन्या बाजारात डिस्क मिळते का बघायला पुण्याला गेले. मागोमाग मालकांचा फोन आला. डेअरीची माणसं उद्या येणार. "आता पुरे झालं. संध्याकाळी मी माइक घेऊन येतो, मॅडम. तुमचा आवाज घेऊन टाकू."

दुपारी लोडशेडिंग सुरू झालं. पंखे थांबले. यूपीएसची टिटटिट सोडली तर बंगल्यात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. मी मधल्या खोलीत जाऊन सरांच्या खुर्चीवर बसले, हेडफोनची पिन उपसून काढली आणि नव्या यंत्रावर सुचला तो आकडा दाबला.

आधी काहीच नाही. मग खुर्ची करकरल्याचा आवाज. कुणीतरी खोकलं. आणि काकू बोलल्या, "पुरे ना आता. अहो, पाणी द्या जरा. घसा दुखतोय माझा. कालपासून दुखतोय."

"झालं, झालं." हा सरांचा आवाज, तरुण, घाईतला. "चारदोन गावं राहिली. बरं आहे ना?"

"हं."

"मग म्हण. घोटावडे."

"घोटावडे," काकू म्हणाल्या, ठाम आणि हसऱ्या आवाजात.

काय झालंय ते एका क्षणात कळलं आणि कळूनही भीती कमी झाली नाही. रेकॉर्डिंग करताना शब्दांच्या मधलं काहीच काढून टाकलेलं नव्हतं. नीट बांधलेला प्रोग्रॅम तेवढा शब्द उचलायचा आणि मधलं सोडून द्यायचा. हा बिघडलेला प्रोग्रॅम चुकून त्या मधल्या जागेत उतरत होता. सर इतके दिवस तिथं बसून होते.

मागून बारीक फूस ऐकू आली.

काकू दारात उभ्या होत्या. त्यांचा आवाज माझ्या पुढ्यात होता आणि त्या माझ्या पाठीमागे, तोंड मिटून. हौसाबाईंना दोन जागी म्हणजे काय म्हणायचं होतं ते मला तेव्हा कळलं. मी घाईने बंद करायला गेले, तर काकूंनी येऊन माझं मनगट धरलं. हात थंडगार. त्यांनी स्वतः एक आकडा दाबला.

या वेळी हसू आलं. "आंबडवेट" म्हणताना त्यांची जीभ अडखळली होती, पुन्हा म्हणताना पुन्हा अडखळली आणि त्या खळखळून हसत सुटल्या होत्या. ते हसू संपतच नव्हतं. माझ्या शेजारी काकू निश्चल उभ्या राहून ते ऐकत होत्या. ओठ हलले नाहीत. गळ्याचा रुमाल तेवढा भराभर आतबाहेर होत होता आणि गालांवरून पाणी ओघळत होतं. मलाही रडू आलं, मी ते आवरलं नाही.

हसू थांबल्यावर त्या माझ्याकडे वळल्या. ओठ सावकाश, मला नीट कळावं म्हणून. "शब्द राहू दे. लोकांच्या उपयोगाचे आहेत. हे बाकीचं बंद कर."

"सर रागावतील, काकू."

"मी आहे ना."

मी ती उत्तरांची फाइल पुसली. सरांचं ठिगळ उसवलं, कारण आता त्याची गरज राहणार नव्हती. मग स्क्रिप्ट सोडली. यूपीएस टिटटिट करत होता, तो दम धरतो की नाही या काळजीने मी त्याच्या दिव्याकडे बघत बसले. ओळी सरकायला लागल्या. इतक्या दिवसांत त्या यंत्राला पहिल्यांदाच कुणी काही विचारत होतं. बरीचशी उत्तरं जुनीच आली. कुठल्या टोकाकडून वाचतोस, त्याचं उलट आलं. बांधणी पूर्ण झाली तेव्हा काकूंनीच कोळवणचा आकडा दाबला.

"कोळवण. गाडी सकाळी सात वाजता येईल. रस्ता चालू आहे."

काकूंनी पदराने तोंड पुसलं आणि मान डोलावली. मी मालकांना फोन करून माइक आणू नका म्हणून सांगितलं. आवाज राहिला होता. मला खरोखर आनंद झाला होता, आणि त्या आनंदाखाली धाकधूक होती.

सर परतले तेव्हा दिवस कलला होता, दिवे आले होते. डिस्कची पिशवी त्यांनी टेबलावर ठेवली, आमच्याकडे न बघता पिन जागेवर घातली, हेडफोन चढवला आणि आकडा दाबला. मग दुसरा. मग तिसरा. त्यांचा चेहरा हळूहळू रिकामा होत गेला. आणि मग मी कधी न पाहिलेली गोष्ट पाहिली. त्यांनी तोच आकडा पुन्हा दाबला. पुन्हा. पुन्हा.

"परभणी," ते वळून म्हणाले, "काय केलंत तुम्ही? ती बोलत होती. तुम्ही तिला गप्प केलंत."

काकू त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभ्या होत्या.

माझा संताप अनावर झाला. "कुणाला गप्प केलं मी? सर, बघा तरी जरा बाजूला!"

सरांनी पाहिलं. काकूंचे ओठ हलले, नीट, सावकाश. सर त्या ओठांकडे बघत राहिले, अनोळखी लिपीतली पाटी वाचावी तसे. इतक्या वर्षांत त्यांनी ते वाचायला घेतलंच नव्हतं. शेवटी ते माझ्याकडे वळले आणि त्यांनी एखाद्या लहान मुलासारखं विचारलं, "काय म्हणतेय ही?"

"त्या म्हणतायत," मी सांगितलं, "मी इथं आहे."

सर गोंधळले. "पण हा तर तुमचा आवाज," ते म्हणाले.

काकू पुढे झाल्या. त्यांनी सरांच्या कानांवरून हेडफोन उतरवला. मग त्यांचा उजवा हात उचलला, त्यांची बोटं आपल्या ओठांवर टेकवली आणि तेच पुन्हा म्हटलं. खोलीत गळ्यातल्या श्वासाखेरीज काही ऐकू येत नव्हतं. सरांनी डोळे मिटले. काकूंनी परत म्हटलं. सरांचे ओठ हलायला लागले, बोटांखालची ती हालचाल हळूहळू त्यांच्या ओठांवर उतरत होती.

"मी," ते म्हणाले. थांबले. "इथं."

काकूंची नजर त्यांच्या तोंडावरून हलत नव्हती.

"मी इथं आहे," सर म्हणाले, आणि काकूंनी मान हलवली.